इंदूरच्या टॉवरकडे वळवलेली अँटेना

बाबा,

माझी नोकरी तुम्ही घालवलीत, हे मला या उन्हाळ्यात कळलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्या नोकरीला तर पस्तिसाच्या वर. इतकी वर्षं मी नशिबाला बोल लावत होते, वशिल्याला लावत होते, आणि एकदा तर देवळात उभी राहून देवाशीही भांडून आले होते. त्या बिचाऱ्यांपैकी कुणाचाच दोष नव्हता. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात, सायकल काढलीत, माधवनगरहून दूरदर्शनच्या टॉवरच्या ऑफिसपर्यंत गेलात आणि दहा मिनिटांत काम उरकून परत दुकानात आलात. त्या दिवशी मी एका टीव्ही सेटचं मागचं झाकण उघडून तुमची वाट बघत बसले होते. तुम्ही आलात, घाम पुसलात, पाणी मागितलंत आणि मी दिलं. मी उठून, पेला विसळून दिलं, बाबा. सगळ्यात जास्त मला तेच डाचतं.

क्रमाने सांगते. रागात माझं बोलणं तुटतं आणि तुम्ही म्हणायचात, "आधी धड बोल, मग रड." रडत नाहीये. सिंहस्थासाठी आमच्या नानाखेड्याकडचा रस्ता रुंद करून राहिले आहेत. एका दुपारी जेसीबीने केबलची तार उचकटली आणि टीव्ही बंद पडला. आई चौऱ्याऐंशीची झाली, तुमच्यामागे ती माझ्याकडेच असते. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. तिची दुपार म्हणजे तो टीव्ही. आठ दिवस गेले, पंधरा गेले, केबलवाला रोज "कल पक्का, आंटी" म्हणायचा. आमचे हे म्हणाले, डिश लावून घेऊ. पण मला कुठून तरी कळलं होतं, की इंदूरच्या टॉवरवरून आता डिजिटल सिग्नल येतो. साध्या अँटेनावर, हवेतून, पूर्वीसारखाच. आपल्या उज्जैनचं दूरदर्शनचं छोटं केंद्र केव्हाच बंद झालं, तेही तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्या वेळी एका लहरीवर एकच चॅनेल यायचं, आता तेवढ्याच जागेत पाच-सहा बसवतात. छोटं खोकं मिळतं, एका बाजूने अँटेना जोडायची, दुसऱ्या बाजूने टीव्ही. मी म्हटलं, करून बघू. खरं सांगायचं तर आईचं निमित्त होतं, हात माझे शिवशिवत होते.

कॉलेजात मी मुलींना अमीटर काढून देते आणि तास संपला की मोजून परत घेते. प्रयोगशाळा सहायक. सत्तावीस वर्षं हेच केलं. त्या हातांनी मी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आरीने कापल्या. तुमच्या वेळच्या नळ्या दीड हात लांब असायच्या, या वीत-सव्वा वीत, कारण लहर आखूड आहे. मधली दांडी, तिच्यावर ओळीने त्या नळ्या, मागे एक लांब नळी. हिशेब मी कागद न घेता केला. छतावर पाण्याच्या टाकीला पाइप बांधताना शेजारच्या छतावरून आवाज आला, "आंटी, ये मछली का काँटा फिर से? अब कौन लगाता है?" मी म्हटलं, "मैं लगाती हूँ." हे वाक्य बाबा, माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

कारण तुम्ही ते कधी बोलू दिलं नाहीत. आठवतं का, रामघाटाजवळच्या त्या गुरुजींचं घर? नदीकडून वर चढणारी बोळ, तीन मजले, चौथ्यावर शेगडीएवढं छत. आपलं केंद्र नवीन सुरू झालेलं आणि त्यांच्या पडद्यावर नुसती झिलमिल. तुम्ही दोनदा जाऊन आलात, उंच पाइप टाकलात, बूस्टर बसवलात, काही होईना. तिसऱ्या वेळी मी बरोबर आले. पंधरा वर्षांची असेन. मी छतावर उभी आहे, समोर देवळाचं शिखर आहे, आणि मला दिसतंय की सिग्नल सरळ येतच नाहीये, तो शिखरावर आपटून दोन वाटांनी येतोय. मी पाइप खाली घ्यायला सांगते. तुम्ही म्हणता, खाली घेतल्यावर काय येणार, कप्पाळ? मी तरी घेते, अँटेना शिखराआड करते, म्हणजे दोनातली एक वाट अडते, आणि थोडी तिरकी फिरवते. खालून गुरुजी ओरडतात, "आ गया! जय महाकाल, एकदम साफ!" मग ते धापा टाकत वर येतात, मला बघतात आणि विचारतात, "ये बिटिया ने किया?" आणि तुम्ही हसून म्हणता, "अरे नहीं, गुरुजी. ये तो बस तार पकड़ती है."

मी बोलले होते तिथेच, "बाबा, दिशा मी शोधली." तुम्ही हत्यारं पिशवीत भरलीत आणि जिना उतरलात. सायकलवर मागे बसून आले, वाटभर तुमची पाठ बघत. दुकानात आल्यावर शटर अर्धं खाली ओढलंत आणि म्हणालात, "गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं पाडतेस? उद्या लोक म्हणतील, कारागीर पोरगी आहे, हा नुसता बसतो. मग दुकानात कोण येईल?" मी पंधरा वर्षांची होते. मला वाटलं, माझंच चुकलं. त्यानंतर सात वर्षं मी अर्ध्या माधवनगराच्या छतांवर चढले आणि प्रत्येक छतावर नुसती तार पकडली.

आता त्या साहेबांकडे येते. छतावर अँटेना चढली, पण खोक्यात काहीच मिळेना. इंदूरचं डिजिटल कुठल्या चॅनेल क्रमांकावर आहे ते मला नक्की ठाऊक नव्हतं. तेव्हा आपल्या केंद्राचे जुने प्रमुख आठवले, ते ज्यांना तुम्ही दिवाळीला आवर्जून भेटायला जायचात. ते अजून आहेत. नव्वदीला टेकलेत, कानाला यंत्र आहे, डोकं मात्र शाबूत. मी दारात उभं राहून ओळख सांगितली, तुमचं दुकान सांगितलं. ते कानातलं यंत्र सारखं करत म्हणाले, "तुम वो डिप्लोमा वाली बेटी हो? अरे, तुम्हारा नाम तो हमने लिस्ट में सबसे ऊपर रखा था!"

मी म्हटलं, "सर, केंद्रावरच्या तंत्रज्ञाच्या त्या जागेसाठी माझी निवड झाली नव्हती." ते म्हणाले, "कैसे नहीं हुई? इंटरव्यू में तुमने शिखर वाली बात बताई थी, रामघाट की. हम लोग आज तक याद करते हैं. चिट्ठी भेजी थी हमने. फिर तुम्हारे पिताजी खुद आए. बोले, शादी पक्की हो गई है, ससुराल वाले नौकरी नहीं चाहते. तुम्हारी लिखी हुई अर्ज़ी भी दे गए." मग ते सहज पुढे बोलत राहिले, की दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला घेतलं, मुलगा चांगला निघाला, आपलं केंद्र बंद झाल्यावर इंदूरला गेला, डिजिटलचं काम त्यानेच बसवलं, मागच्याच वर्षी निवृत्त झाला. त्यांच्या सुनेने पोहे आणून ठेवले होते. मी चमचा उचलला आणि परत ठेवला. त्यांनी मला चॅनेल क्रमांक कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "आडव्या ठेवा नळ्या, उभ्या नको." हे एवढं मराठीत म्हणाले, तुमच्याकडून शिकलेलं.

माझं लग्न पक्कं झालेलं नव्हतं, बाबा. त्यानंतर तीन वर्षांनी झालं. तेव्हा स्थळाचा पत्तासुद्धा नव्हता. आणि नोकरी नको असा अर्ज मी लिहिला नव्हता. म्हणजे तो दुसऱ्याने लिहिला, माझ्या नावाने सही ठोकली, आणि तुम्ही तो खिशात घालून नेलात.

घरी येताना मी रिक्षा केली नाही, भर उन्हात चालत आले. मला सगळं एकदम आठवत होतं. इंटरव्ह्यूच्या आधीच्या पावसाळ्यात तुम्ही छतावरून पडला होतात, कंबरेचं हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी चढउतार बंद केली. दुकान चालत होतं ते माझ्या पायांवर. तुम्ही खाली खुर्चीत बसून बिलं करायचात आणि मी पाइप खांद्यावर घेऊन जायचे. इंटरव्ह्यूला जाताना तुम्ही मला दही-साखर दिली होती हातावर. नंतर मी रोज टपालाची वाट बघायचे, आणि एका संध्याकाळी तुम्हीच म्हणालात, "अगं, अशा जागा आधीच भरलेल्या असतात. वरून फोन येतात. आपल्यासारख्यांचं नाव फक्त शोभेला. मनाला लावून घेऊ नकोस." आणि दोन दिवसांनी तुम्ही इंदूरहून मल्टीमीटर मागवून आणलात, पिवळा, काट्याचा, चामड्याच्या पिशवीतला. म्हणालात, "हे फक्त तुझं. दुकानाचं नाही." दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी तो दाखवला. लग्नात सासरी नेला. माझ्या मुलीला सांगितलं, बघ, माझ्या बाबांना माझी केवढी किंमत होती. शेजारणींना सांगितलं. कॉलेजातल्या मुलींना दरवर्षी सांगते, तुमचे वडील तुम्हाला सोन्याचं काही देतील, माझ्या वडिलांनी मला मीटर दिला. आता तुम्ही सांगा, मी त्या मुलींना काय सांगू?

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला क्षमा करावी. कुणाच्या सोयीसाठी? तुम्ही मला मारलं नाहीत, कोंडलं नाहीत, शाळेतून काढलं नाहीत. उलट तुम्हीच शिकवलंत. सोल्डरिंगची काडी हातात दिलीत तेव्हा मी आठ वर्षांची होते. सर्किटचा कागद जमिनीवर पसरून, बोट ठेवून, "इथून वीज शिरते, इथे तिला अडवायची" असं तुम्हीच सांगायचात. पॉलिटेक्निकमध्ये पाठवायला आजोबा नाही म्हणत होते, त्यांच्याशी तुम्ही भांडलात. म्हणून तर मला इतका राग येतो. नालायक बाप असता तर मी केव्हाच सोडून दिला असता. तुम्हाला मला काय येतं ते इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तुम्ही मला सोडलं नाहीत. जिला काही येत नाही तिला अडवून काय मिळणार होतं?

आणि एक गोष्ट मला तुम्हाला तोंडावर सांगायची आहे. तुम्ही विचारलं असतंत तर मी थांबले असते. हे मी चिडून नाही म्हणत, नीट विचार करून म्हणते. तुम्ही खुर्चीत बसून म्हणाला असतात, "बाळ, माझ्याच्याने आता चढवत नाही, दोन वर्षं थांब," तर मी थांबले असते. बावीस वर्षांची होते, तुमच्यावर जीव होता. कुरकुर केली असती, एक दिवस जेवले नसते, पण थांबले असते. मग ती माझी गोष्ट झाली असती, मी केलेली. तुम्ही ती संधीसुद्धा ठेवली नाहीत. आणि इतकं करून दुकान किती टिकलं? केबल आली, घराघरातल्या अँटेना भंगारात गेल्या, माझं लग्न झालं, आणि तुम्ही शटर ओढून घरी बसलात. तेव्हा तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की आता तरी हिला सांगून टाकावं? मी दर राखीला, दर दिवाळीला येत होते. आपण छतावर खुर्च्या टाकून बसायचो. सांगायला जागा होती, वेळ होता. तुम्ही मला विचारायचात, "कॉलेजात बरं चाललंय ना?" मी म्हणायचे, "बरं चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छतावर चढले. हे म्हणाले, "एवढ्या तिरीमिरीत चढू नकोस, पडशील." पण मला थांबवत नव्हतं. डिजिटलचं असं आहे, बाबा, की पूर्वीसारखं थोडंफार काही दिसत नाही. पूर्वी सिग्नल कमी असला तर झिलमिल यायची, माणसामागे माणसाची सावली यायची, पण अंदाज लागायचा. आता पुरेसं मिळालं तर काचेसारखं स्वच्छ, नाहीतर काळा पडदा. खोकं फक्त पडद्यावर आकडे दाखवतं, ताकद किती आणि दर्जा किती. ते आकडे वाचायला मी आईला बसवलं होतं. खिडकी उघडी ठेवून ती खालून सांगत होती, "तेवीस. तेवीसच आहे गं. आता एकोणीस झालं, काय केलंस?" मी दक्षिणेकडे बघत होते. नळ्या आडव्या, दांडी इंदूरकडे. बोटभर फिरवायची आणि थांबायचं, कारण खोकं लगेच सांगत नाही, ते आधी विचार करतं. मी बोटभर फिरवत होते आणि मनात येत होतं, की मी हा जो टॉवर शोधतेय तिथे मी असायला हवी होते. हा सिग्नल मी पाठवायला हवा होता. कुणीतरी नानाखेड्यातली बाई छतावर उभी राहून तो पकडत असती आणि मी तिकडे आकडे बघत बसले असते, खुर्चीत, पंख्याखाली, गळ्यात ओळखपत्र घालून. पाइपचा नट मी इतका जोरात आवळला की पाना सटकून तळहात सोलला गेला.

"एक्केचाळीस," आई म्हणाली. मग, "बासष्ट! अगं, बासष्ट! हात लावू नकोस, तशीच राहू दे!" मी खाली आले तेव्हा पडद्यावर सहा चॅनेल आली होती आणि एकावर कुणीतरी बाई शेतकऱ्यांना सोयाबीनच्या किडीबद्दल सांगत होती. त्या बाईच्या साडीची वीण दिसत होती. आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "ह्यांना किती कौतुक वाटलं असतं." मी हळद लावायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच म्हटलं, "हो."

चित्र आलं हे सांगायला मी त्या साहेबांकडे पुन्हा गेले, पेढे घेऊन. खरं तर मला त्यांच्याकडून अजून ऐकायचं होतं. तुम्ही तिथे कसे उभे राहिलात, काय बोललात, आवाज कापत होता का. त्यांना तसलं काही आठवत नव्हतं. म्हातारा माणूस, त्याला काय आठवणार. तो अर्ज मात्र आठवत होता. म्हणाले, "लिखावट याद है. मोती जैसे अक्षर. हमने बाबू को बुलाकर दिखाया था, कि देखो, अर्ज़ी ऐसे लिखी जाती है. हम तो समझे, लड़की हर काम में होशियार है."

बाबा, तुमचं अक्षर तुमचं तुम्हाला लागायचं नाही. बिलावर काय लिहिलंय ते गिऱ्हाईक मला विचारायचं. माझंही तुमच्यावरच गेलंय, कॉलेजातल्या मुली हसतात. आपल्या घरात मोत्यासारखं अक्षर एकाच माणसाचं. दुकानाच्या दारावरची "आज दुकान बंद है" ही पाटीसुद्धा तिनेच लिहिलेली असायची, आणि लोक पाटीचं कौतुक करून परत जायचे.

तिला मी विचारलेलं नाही. पंधरा दिवस झाले. ती रोज दुपारी सोयाबीनवाली बाई बघते आणि मधेच हाक मारते, "अगं, साठ झालं बरं का, दोनने उतरलं." मी जाते, बघते, "चालतं तेवढं" म्हणते. कदाचित तुम्ही सांगितलंत आणि तिने लिहिलं. कदाचित ती रडली, नाही म्हणाली, आणि मग लिहिलं. कदाचित तिनेच सुचवलं असेल, मुलीने टॉवरवर पुरुषांत नोकरी करू नये म्हणून, आणि तुम्ही नुसते सायकल घेऊन निघालात. यातलं काय खरं ते घरात बसलेल्या एका माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस माझ्यापासून दहा पावलांवर आहे.

हे पत्र प्रॅक्टिकलच्या एका जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय आणि ते कॉलेजच्या कपाटात राहील. घरी ठेवलं तर आई चष्मा लावून वाचेल, तिला काहीही दिसलं की वाचायची सवय आहे. एवढं सगळं मी तुमच्या एकट्याच्या नावावर लिहिलं. अर्धं लिहून झालं तेव्हाच मला कळत होतं, की यातला काही राग तुमचा नाही. तरी मी तो तुमच्यावरच ठेवला. तुम्ही आता नाही, तुमच्यावर कितीही रागावता येतं. तिच्याबरोबर मला उद्या सकाळी चहा प्यायचाय.